वर्गणी आपली, निधी लोकांचा

इंग्लंडमध्ये ओळखी लवकर होतात, मैत्री मात्र होत नाही, ही तक्रार येथे नव्याने आलेल्या बहुतेक भारतीयांकडून ऐकू येते. माझ्यापुरती ती दूर झाली ती ‘राउंड टेबल’मुळे. लुई मार्चेसी या रोटरी क्लबच्या तरुण सदस्याने १९२७ साली नॉरिच शहरात या क्लबची सुरुवात केली, ती नोकरी-व्यवसायात नुकतीच उभी राहू लागलेल्या तरुणांना आपसांत मोकळेपणाने बोलता यावे म्हणून. सदस्यत्व आजही १८ ते ४५ या वयोगटातील पुरुषांपुरतेच आहे. वयाची अट मला पटते, कारण तिच्यामुळे पदे अडवून बसणारी ज्येष्ठ मंडळी निर्माणच होत नाहीत. केवळ पुरुषांची अट मात्र खटकते. वय उलटलेल्यांसाठी ‘४१ क्लब’ नावाची निराळी संघटना आहे आणि पूर्वी मर्यादा चाळिशीची होती, एवढीच त्या नावामागची कथा.

येथे सामील होताना प्रथम कोणी देणगी मागत नाही. पाहुणा म्हणून काही बैठकांना यावे, सर्वांबरोबर जेवावे, बोलिंग किंवा पायी भटकंतीला जावे आणि जमले तर सदस्य व्हावे, अशी पद्धत असते. मौजमजेला एवढे महत्त्व देणारी मंडळी समाजकार्य कधी करत असतील, अशी शंका प्रारंभी मलाही आली होती. परंतु एकमेकांच्या सहवासात रमणारी माणसेच थंडी-पावसात तासन्‌तास देणगीचे डबे घेऊन उभी राहतात, आणि निव्वळ कर्तव्यभावनेने आलेला माणूस दुसऱ्या वर्षी फिरकत नाही, असे माझे आता मत झाले आहे.

या कामातील सर्वांत शिकण्याजोगा भाग पैशाच्या शिस्तीचा आहे. सदस्यांची वार्षिक वर्गणी, जेवणाची बिले आणि सहलींचा खर्च ज्याच्या त्याच्या खिशातून होतो. लोकांकडून जमलेला निधी वेगळ्या खात्यात राहतो आणि त्यातून आमच्या चहाचाही खर्च निघत नाही. डिसेंबरमध्ये अनेक गावांतील क्लब सजवलेल्या गाडीवर सांताक्लॉजला बसवून संध्याकाळी गल्लोगल्ली फिरवतात आणि सदस्य दारोदार डबे नेतात. हा सोहळा पाहणाऱ्याला उत्स्फूर्त वाटतो, पण त्यामागे स्थानिक कौन्सिलचा परवाना, मोहोरबंद डबे आणि मागाहून सादर करायचा जमाखर्च असा सगळा सरकारी संसार असतो. दारोदार निधी गोळा करण्याविषयीचा येथील कायदा १९३९ सालचा आहे.

सरकारही यात आपला वाटा घालते. ‘गिफ्ट एड’ या १९९० पासूनच्या योजनेनुसार, प्राप्तिकर भरणाऱ्या व्यक्तीने घोषणापत्र देऊन धर्मादाय संस्थेला १ पौंड दिला, की संस्थेला करखात्याकडून आणखी २५ पेन्स मिळतात. देणाऱ्याने त्या रकमेवर आधीच भरलेला मूळ दराचा करच अशा रीतीने संस्थेकडे वळतो. सोडतीच्या तिकिटाला हा लाभ मिळत नाही, कारण तेथे पैशाच्या मोबदल्यात बक्षिसाची संधी मिळते आणि ती देणगी ठरत नाही. हा फरक माहीत असलेला खजिनदार क्लबसाठी फार मोलाचा असतो.

जमलेले पैसे कोठे द्यायचे, यावर मात्र घनघोर चर्चा होते. अंतिम आजारातील रुग्णांची सेवा करणाऱ्या हॉस्पिसचा बराचसा खर्च येथे देणग्यांवर चालतो, त्यामुळे त्यांची नावे बहुधा पुढे असतात. त्याखालोखाल गरजूंना मोफत अन्न देणाऱ्या अन्नपेढ्या आणि अपंग मुलांच्या संस्था येतात. कोणी दूरच्या देशातील आपत्तीसाठी मदत सुचवली, तर गावात जमलेला पैसा गावातच खर्च व्हावा असे म्हणणारेही असतात, आणि दारात उभे राहून नाणी टाकणाऱ्या शेजाऱ्यांचा विचार करता त्यांचे म्हणणे मला बरेचदा योग्य वाटते.

इकडे येऊन अशा क्लबात जायचे मनात असेल, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये चौकशी करावी. ५ नोव्हेंबरच्या ‘बॉनफायर नाइट’ या येथील सणाची आतषबाजी अनेक ठिकाणी हेच क्लब भरवतात, लगोलग सांताची गाडी निघते, आणि त्या दिवसांत मैदानाला दोर बांधण्यापासून वाहनतळावर उभे राहण्यापर्यंतच्या कामांना माणसे कमी पडत असल्याने नवख्याला कोणी नवखा म्हणून बाजूला बसवत नाही.