फाउंटन्स ॲबी: लोकरीवर पोसलेला मठ

इंग्लंडमधल्या रिपन गावापासून फाउंटन्स ॲबी हा जुना मठ अगदी जवळ. स्केल नदीच्या दरीत उतरलो आणि झाडांआडून भलंमोठं, बिनछपराचं चर्च समोर आलं. यॉर्कच्या सेंट मेरी मठात नियम सैल झाले म्हणून तिथले १३ भिक्षू ११३२ मध्ये बाहेर पडले आणि या ओसाड जागी येऊन राहिले. पुढे ते सिस्टर्शियन या कडक साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथात सामील झाले. साधं जेवण, न रंगवलेल्या लोकरीचा झगा, मध्यरात्रीनंतर उठून प्रार्थना.

पण जमीनदार आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून मठाला जमिनी देत गेले. जमिनी आल्या, मेंढ्या आल्या, आणि इटलीचे व्यापारी लोकरीसाठी आगाऊ पैसे मोजू लागले. कबूल केलेली लोकर देता आली नाही की साधेपणाचं व्रत घेतलेल्यांच्या डोक्यावर कर्जही होई!

हा पसारा ओढला तो 'ले ब्रदर्स'नी, म्हणजे मठातली कष्टाची कामं करणाऱ्या बंधूंनी. शपथ त्यांचीही, पण अक्षरओळख नाही, त्यामुळे पाठ केलेल्या चार प्रार्थना म्हणायच्या आणि शेत, मेंढ्या, गोदामं सांभाळायची. चर्चमध्येसुद्धा त्यांची जागा पश्चिमेला, भिक्षूंची पूर्वेला, मध्ये आडोसा. त्यांची इमारत मात्र मला सगळ्यांत आवडली. सुमारे ९० मीटर लांब तळमजला, मधोमध खांबांची एकच रांग. खांबातून दगडी कमानी थेट फुटतात, मध्ये नक्षीचा एक तुकडा नाही. खाली कोठार आणि भोजनगृह, वर झोपायची जागा. आत दुपारीही गार अंधार होता.

भिक्षूंना ऊब मिळे ती एका शेकोटीच्या खोलीत. तिच्या वरच्या खोलीत मठाचे दस्तऐवज ठेवत, म्हणजे कागद कोरडे राहत. जमिनीच्या सनदांची बडदास्त माणसांपेक्षा बरी होती म्हणायची.

चौदाव्या शतकातल्या प्लेगनंतर ले ब्रदर्स फारसे उरले नाहीत, जमिनी कुळांना गेल्या. तरी मठाधिपती मार्माड्यूक ह्यूबी यांनी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला उंच मनोरा उभारला. पंथाच्या जुन्या नियमांत असे मनोरे बसत नव्हते. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय: सन्मान आणि गौरव फक्त देवाचा. लोक त्याला आजही 'ह्यूबीचा मनोरा' म्हणतात.

१५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाला, छपराचं शिसं उतरवलं गेलं. मठाच्या दगडांतून पुढे शेजारीच एक हवेली उठली, फाउंटन्स हॉल. तीही पाहिली. छप्पर शाबूत आहे.