मटची कॉन्फिग फाइल: कोऱ्या पानापासून सुरुवात (माझा अनुभव)

लिनक्स कर्नलमध्ये (म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) एक बारकी दुरुस्ती पाठवायची होती, एका ड्रायव्हरच्या एरर मेसेजमधली, बाकी काही नाही. पण तिथे सगळा कारभार ईमेलवर चालतो आणि मेल प्लेन टेक्स्टच पाहिजे, एचटीएमएल मेल त्यांचा सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ईमेल क्लायंटवर अख्खं एक पान आहे, त्यात ब्राउझरमधल्या जीमेलबद्दल स्पष्ट लिहिलंय की याने पॅच (कोडमधल्या बदलाची टेक्स्ट फाइल) पाठवू नका, टॅबच्या स्पेस करतं आणि ७८ अक्षरांवर ओळी तोडतं. टॅबची स्पेस झाली की तो पॅच समोरच्याकडे लागतच नाही, संपला विषय. मूळ पॅच शेवटी गिटच्या (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) सेंड-ईमेल कमांडनेच गेला, पण त्यावर लोक ओळीओळीला धरून प्रश्न विचारतात त्यांना उत्तरं द्यायला काहीतरी लागणारच होतं, आणि त्या पानावर मटचं नाव होतं.

मट म्हणजे टर्मिनलमध्ये चालणारा मेल क्लायंट, १९९५ मध्ये मायकेल एल्किन्सने सुरू केलेला. त्याचं ब्रीदवाक्यच असंय की सगळे मेल क्लायंट भंगार आहेत, हा त्यातल्या त्यात कमी भंगार. २०१६ पासून निओमट नावाची वेगळी शाखा पण आहे, जास्तीच्या सोयींसाठी लोक ती घेतात, कॉन्फिग बरीचशी सारखीच. मी डेबियन लिनक्समध्ये मिळतो तो साधा मट घेतला. (ऑप्शनची नावं खाली उच्चारतो तशी लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंग आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर.)

आता मटआरसी, म्हणजे मटची कॉन्फिग फाइल. नेटवर लोकांच्या तयार मटआरसी ढिगाने पडल्यात, पाचशे-पाचशे ओळींच्या, रंग काय, मॅक्रो काय. मी एकही उचलली नाही. कारण त्यातल्या निम्म्या ओळी त्या माणसाच्या सर्व्हरसाठी, त्याच्या सवयींसाठी असतात, आणि काही बिघडलं की कुठल्या ओळीने बिघडलं हे शोधायचं म्हणजे दुसऱ्याच्या घरातलं वायरिंग उघडून बसल्यासारखं. त्यापेक्षा फाइल कोरी ठेवायची, मट वापरायला घ्यायचा, आणि एखादी गोष्ट डोक्यात गेली की तेवढीच ओळ घालायची, वर कॉमेंटमध्ये एका वाक्यात का ते लिहायचं. यासाठी दोन गोष्टी फार कामाच्या. एक म्हणजे मट चालू असताना कोलन दाबून सेट, प्रश्नचिन्ह आणि ऑप्शनचं नाव टाकलं की त्याची आत्ताची किंमत खाली दिसते. दुसरं, कमांड लाइनवर कॅपिटल डी चा पर्याय देऊन मट चालवला की सगळेच्या सगळे ऑप्शन किमतींसकट बाहेर ओततो. मॅन्युअल वाचायचा कंटाळा असेल तर ती यादी नुसती चाळा, अर्ध्या शंका तिथेच फिटतात.

पहिला अडथळा लॉगिनचा. साधा पासवर्ड गूगल २०२२ च्या मे अखेरपासून घेत नाही, त्यामुळे आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं, मग ॲप पासवर्ड काढायचा. तो १६ अक्षरांचा असतो आणि चार-चारच्या गटात दाखवतात, मधल्या स्पेस सोडून सलग टाकायचा. मेल आणणारा इमॅप ९९३ पोर्टवर, पाठवणारा एसएमटीपी ४६५ वर, यात सांगण्यासारखं काही नाही. पासवर्ड मात्र मटआरसीत उघडा ठेवायचा जिवावर येत होतं. त्याला छान सोय आहे, सोर्स कमांडला फाइलच्या नावाऐवजी एखादी कमांड दिली आणि शेवटी पाइपची उभी रेघ टाकली तर मट ती कमांड चालवतो आणि जे बाहेर येईल ते कॉन्फिग म्हणून वाचतो. म्हणजे पासवर्डच्या दोन ओळी जीपीजी या प्रोग्रॅमने एन्क्रिप्ट करून वेगळ्या फाइलमध्ये, आणि मटआरसीत जीपीजीने ती उघडायची कमांड. मट सुरू करताना एकदा पासफ्रेज विचारतो, बस. त्यामुळे मटआरसी गिटमध्ये टाकायला मोकळी.

आणि हो, रेकॉर्ड हा ऑप्शन जीमेलसाठी अनसेट करा. पाठवलेल्या मेलची कॉपी गूगल स्वतःच सेंटमध्ये ठेवतं, मटनेही ठेवली की एकाच मेलच्या दोन-दोन कॉप्या.

मग वेग. माझा इनबॉक्स कित्येक वर्षं न झाडलेला, उघडला की खाली "फेचिंग मेसेज हेडर्स" आणि आकडा सरकत बसायचा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर चहा होऊन यायचा. उपाय म्हणजे हेडर कॅशे आणि मेसेज कॅशेडिर. पहिल्याने हेडर साठवले जातात, दुसऱ्याने वाचलेले मेल. यातली गोम अशी की हेडर कॅशेला दिलेला पाथ जर आधीपासून असलेली डिरेक्टरी असेल तर मट प्रत्येक फोल्डरची वेगळी फाइल करतो, नसेल तर त्याच नावाची एकच फाइल बनवून सगळं तिच्यात कोंबतो. म्हणून आधी एमकेडिरने डिरेक्टरी बनवायची. दुसऱ्यांदा उघडला तेव्हा इनबॉक्स खट्कन समोर, ब्राउझरचा टॅब लोड व्हायच्या आत.

डिफॉल्ट सॉर्ट तारखेने असतं, ते थ्रेड्स (मेल आणि त्यावरची उत्तरं एकत्र) केलं. सोबत सॉर्ट ऑक्सला लास्ट डेट रिसीव्हड दिलं की ज्या थ्रेडमध्ये शेवटचं उत्तर ताजं तो थ्रेड खाली येतो, नाहीतर जुन्या चर्चेत आज कुणी बोललं तर ते वर कुठेतरी गाडलेलं राहतं. स्ट्रिक्ट थ्रेड्स पण चालू केलं, कारण ते नसेल तर मट सारख्या सब्जेक्टचे मेल एकत्र बांधतो, आणि आमच्याकडे "मीटिंग" एवढाच सब्जेक्ट असलेले मेल किती येतात विचारू नका.

पेजरचं, म्हणजे मेल वाचायच्या स्क्रीनचं, वागणं मात्र मला अजिबात पटलं नाही. यादीत जे आणि के दाबलं की खाली-वर जातं, ठीक, पण मेल उघडल्यावर तेच जे दाबलं की ओळ खाली सरकायच्या ऐवजी सरळ पुढचा मेल. ओळ सरकवायला एंटर. विम एडिटरची सवय असलेल्या माणसाला हे म्हणजे छळच. बाइंड पेजर करून जे ला नेक्स्ट-लाइन आणि के ला प्रीव्हियस-लाइन दिलं. पेजर स्टॉप पण सेट केला, त्याने मेल संपल्यावर स्पेस दाबली तरी पुढच्या मेलवर उडी मारत नाही. पेजर इंडेक्स लाइन्स १० केलं की वर नऊ मेलची यादी दिसत राहते (दहावी ओळ स्टेटस बारला जाते) आणि खाली मेल, मला हे बाजूला फोल्डर दाखवणाऱ्या साइडबारपेक्षा जास्त आवडलं. मार्कर्स बंद, नाहीतर वळलेल्या ओळीच्या सुरुवातीला अधिकचं चिन्ह येतं आणि लांब लिंक कॉपी करताना ते पण सोबत येतं.

आता आपला विषय, मराठी. पाठवायला काही त्रास नाही, मट स्वतःच यूटीएफ-८ हा देवनागरी चालणारा चारसेट (अक्षरांचं एन्कोडिंग) निवडतो. कर्नलवाले सेंड चारसेटमध्ये यूएस-आस्की आणि यूटीएफ-८ एवढंच ठेवा म्हणतात ते ठेवलं. चारसेट हा ऑप्शन मात्र हाताने लावू नका, मट तो लोकॅलवरून, म्हणजे सिस्टिमच्या भाषेच्या सेटिंगवरून, घेतो. एसएसएचने दूरच्या एका सर्व्हरवर मट चालवला तर मराठी सब्जेक्टच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग, तिथे लँग (तेच भाषेचं सेटिंग) नुसतं सी होतं, ते यूटीएफ-८ वालं केल्यावर अक्षरं आली. काही मेलना तर चारसेटच लिहिलेला नसतो, विशेषतः कुठल्या तरी जुन्या सॉफ्टवेअरमधून आपोआप सुटणाऱ्या नोटिसा, त्यांच्यासाठी अझ्यूम्ड चारसेटला यूटीएफ-८.

दिसण्याचा प्रश्न मटचा नाही, टर्मिनलचा आहे. जोडाक्षरं नीट जुळवणारा टर्मिनल घ्या, एक्सटर्म टर्मिनलवर वेलांटी एकीकडे आणि अक्षर एकीकडे. पण चांगल्या टर्मिनलवरही यादीचे कॉलम हलतात, कारण काना-मात्रेला किती जागा लागते याचा हिशोब मट वेगळा करतो आणि टर्मिनल वेगळा. इंग्रजी नावं सरळ रेषेत आणि मध्येच कुणाचं देवनागरीत नाव आलं की त्या ओळीतलं पुढचं सगळं दोन घरं सरकलेलं. इंडेक्स फॉरमॅटमध्ये मी साइजचा कॉलमच काढला (मेल किती केबीचा आहे हे बघून मी करू काय) आणि आधी फ्लॅग, मग तारीख, मग नाव, शेवटी सब्जेक्ट असं ठेवलं. हललाच तर फक्त सब्जेक्ट हलतो, त्याच्या पुढे काहीच नाही.

कीबोर्डची गंमत वेगळीच. मी इन्स्क्रिप्ट या मराठी लेआउटने टाइप करतो. मराठीत उत्तर लिहून बाहेर आलो, लेआउट मराठीच राहिलेला, जे दाबलं की मटकडे जातो "र" आणि तो म्हणतो, "की इज नॉट बाउंड". के दाबलं तर "क". विममध्ये तर आणखी वाईट, कारण एस्केप दाबून सेव्ह करायला जावं तर एकही कमांड चालत नाही. मटमध्ये देवनागरी अक्षरं बाइंड करत बसण्यापेक्षा सोपं म्हणजे विमआरसीत एक ऑटोकमांड, इन्सर्ट लीव्ह झालं की आयबसला (कीबोर्डची भाषा बदलणारा प्रोग्रॅम) इंग्रजी इंजिन लावायला सांगायचं. त्यामुळे एस्केप दाबलं की कीबोर्ड आपोआप इंग्रजी. इन्सर्टमध्ये परत जाताना मराठी मी हातानेच लावतो, कारण निम्मे मेल इंग्रजीत असतात.

एचटीएमएल मेलसाठी मेलकॅप नावाची वेगळी फाइल लागते. तिच्यात डब्ल्यूथ्रीएमने (टर्मिनलमधला ब्राउझर) मेल साध्या टेक्स्टमध्ये डंप करणारी ओळ, शेवटी कोपियसआउटपुट हा शब्द, आणि मटआरसीत ऑटो व्ह्यू टेक्स्ट एचटीएमएल. डब्ल्यूथ्रीएमला मेलचा चारसेट पण सांगा, मेलकॅपमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि महिरपी कंसात चारसेट लिहिलं की मट तो भरून देतो, नाहीतर मराठी एचटीएमएलचा कचरा होऊ शकतो. मेलमध्ये प्लेन आणि एचटीएमएल असे दोन्ही भाग असतील तर आधी कुठला ते ठरवणाऱ्या अल्टरनेटिव्ह ऑर्डरमध्ये प्लेन आधी ठेवलं. बहुतेक मेल असे आधीपेक्षा चांगले वाचता येतात, बॅनर नाही, बटणं नाहीत. फक्त माझ्या बँकेचा मेल येतो त्याच्या प्लेन भागात एकच वाक्य असतं, कृपया हा मेल एचटीएमएलमध्ये बघा. धन्य. मग व्ही दाबून भागांची यादी उघडायची आणि एचटीएमएलवर एंटर.

एंटरला ब्राउझर उघडावा म्हणून मेलकॅपमध्ये ब्राउझरची ओळ डब्ल्यूथ्रीएमच्या आधी टाकली, कोपियसआउटपुट न लिहिता. ऑटो व्ह्यूसाठी मट तो शब्द असलेलीच ओळ घेतो, एंटरसाठी पहिली जुळेल ती. पण ब्राउझर उघडला तर फाइल सापडत नाही म्हणून पांढरं पान! झालं असं की आधीपासून चालू असलेल्या ब्राउझरला फाइल सोपवली की ती कमांड लगेच संपते, मटला वाटतं बघून झालं, आणि तो टेम्पररी फाइल उडवतो, ब्राउझरने ती वाचायच्या आधीच. कमांडच्या शेवटी स्लीप ५ (पाच सेकंद थांब) लावलं. ओंगळ आहे, पण चालतंय.

हुकवर सगळ्यात जास्त डोकं गेलं आणि त्यात मजाही तिथेच आहे. फोल्डर हुक म्हणजे अमुक फोल्डरमध्ये शिरताना अमुक सेटिंग लाव. मला सेंट फोल्डर थ्रेडने नको, ताजं वर असा पाहिजे, तसा हुक टाकला. सेंटमध्ये बरोबर दिसलं, इनबॉक्सला परत आलो तर इनबॉक्सपण उलटा. कारण हुक शिरताना चालतो, बाहेर पडताना काही पूर्ववत करत नाही, जी किंमत लावली ती तशीच राहते. म्हणून आधी सगळ्यांना लागू होणारा हुक, नुसता एक टिंब देऊन, ज्यात नेहमीची सेटिंग, आणि त्याच्या खाली खास फोल्डरचे. मट जुळणारे सगळे हुक वरून खाली क्रमाने चालवतो, त्यामुळे खालचा वरच्यावर चढतो. मेल लिहायला घेताना चालणाऱ्या सेंड हुकचंही हेच, आधी टिंबवाला साध्या सहीचा, मग ऑफिसच्या डोमेनला ऑफिसची सही.

सेंड हुकमध्ये आणखी एक खाचखळगा. तो मटने सुरुवातीला टू विचारला तेव्हाच एकदा चालतो. मी एडिट हेडर्स चालू ठेवलंय, म्हणजे विममध्येच टू आणि सब्जेक्ट वर दिसतात आणि बदलता येतात, पण तिथे पत्ता बदलला तर हुक परत चालत नाही, सही आधीच्याचीच. फ्रॉमचा प्रश्न याने सुटत नाही, त्याला अल्टरनेट्समध्ये माझे सगळे पत्ते दिले आणि रिव्हर्स नेम सेट केलं, आता ज्या पत्त्यावर मेल आला त्याच पत्त्यावरून उत्तर जातं.

सगळ्यात आवडलेला ऑप्शन अबॉर्ट नोअटॅच. मेलमध्ये "अटॅच" असं काही लिहिलंय आणि फाइल जोडलेली नाही, तर पाठवताना थांबवतो. कुठले शब्द शोधायचे ते अबॉर्ट नोअटॅच रेगएक्सपी मध्ये असतं आणि डिफॉल्ट इंग्रजी, मराठी मेलला काही उपयोग नाही. मी त्यात उभी रेघ देऊन "जोडल" आणि "जोडत" घातलं, म्हणजे जोडला, जोडली, जोडलंय, जोडतोय सगळं पकडलं जातं. "सोबत" पण घातला होता, तो काढला, कारण "तुझ्यासोबत येतो" म्हटलं तरी विचारायचा फाइल कुठंय. फक्त यात कोटेड ओळी तो बघत नाही हे चांगलंय, समोरच्याने "फाइल जोडली आहे" लिहिलेलं माझ्या उत्तरात खाली असतंच.

फाइल अजून शंभर ओळींच्या आतच आहे, रंगांच्या फक्त दोन. कॅलेंडरच्या इन्व्हाइटचं मात्र काही जमवलं नाही, त्या आल्या की मुकाट फोन उघडून यस दाबतो.