नवा ३३१० आणि सराफ्यातले सुटे पैसे

सन २००० मध्ये आलेल्या नोकिया ३३१० या फोनची नवी आवृत्ती एचएमडी ग्लोबल या फिनलंडच्या कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणली आणि भारतात तिची किंमतही, काहीशा मिश्किलपणे, ३,३१० रुपयेच ठेवली. इंदूरच्या जेल रोडवर असा एक वापरलेला, पण सुस्थितीतला फोन मिळाल्याने सध्या मी तोच वापरत आहे.

मूळ फोनचा पडदा ८४ गुणिले ४८ ठिपक्यांचा व एकरंगी होता, येथे तो २.४ इंचांचा आणि रंगीत आहे. वजन १३३ ग्रॅमवरून ८० ग्रॅमच्याही खाली आल्याने हातात तो थोडा पोकळच वाटतो. १,२०० एमएएचची बॅटरी मात्र आजही काढता येते. सापाचा खेळ रंगीत होऊन बिघडला, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरी अडचण निराळी आहे. ही आवृत्ती केवळ २जीवर चालते, त्यामुळे जिओसारख्या ४जी-५जी सेवेचे सिमकार्ड तिच्यात निरुपयोगी ठरते. साध्या फोनवरून पैसे देण्यासाठी २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सोय आहे खरी. परंतु सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या इंदूरच्या सराफ बाजारात, गर्दीत भुट्ट्याच्या किसाची बशी एका हातात सांभाळत आकडे दाबत बसण्यापेक्षा सुटे पैसे बाळगणे मला अधिक सोयीचे वाटले. बँकेचे ओटीपी साध्या संदेशानेही येत असल्याने तेथे नोंदवलेला क्रमांक यापुढे याच फोनमध्ये ठेवणार आहे.