तुम्ही विचारलंत म्हणून : पाऊस मला कळत नाही

"ढगांवर काम करतेस ना? मग यंदा पाऊस कसा?" एकही लग्नकार्य या प्रश्नावाचून पार पडत नाही.

नाही कळत. माझे ढग पंधरा ते पंचवीस किलोमीटर उंचीवर, ध्रुवाकडच्या हिवाळ्यात, उणे ७८ अंशांच्या खाली जमतात. शेताला त्यांचा उपयोग शून्य. त्यांच्या कणांवर क्लोरीन घातक रूपात येतो आणि वसंतात ऊन आलं की ओझोनचा फडशा पाडतो. अंटार्क्टिकात हे ढग दर हिवाळ्याला असतात, हे १९७८ साली निम्बस-७ या उपग्रहावरून गेलेल्या सॅम-२ या उपकरणामुळे कळलं.

मोजता कसं, हे कुणी विचारत नाही. उपग्रहावरून सूर्य उगवता-मावळताना वातावरणाच्या कडेतून दिसतो. ऊन किती मंदावलं यावरून कण किती ते काढायचं. सेज-२ या उपग्रहावरच्या उपकरणाला दिवसाला असे साधारण तीस उदयास्त मिळायचे.

१५ जून १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटूबो ज्वालामुखी फुटला. गंधकाच्या वायूचे आम्लाचे थेंब झाले आणि थर इतका दाट झाला की ऊन उपकरणापर्यंत पोचेना. विषुववृत्ताजवळचा कणांचा आलेख वरून नीट उतरत यायचा आणि वीसेक किलोमीटरवर तुटायचा. खाली कोरं. म्हणजे सगळ्यात जास्त माल होता, नेमकं तिथेच काही नाही.

पुढे ते कोरं भरायचं ठरलं. हवाई, क्यूबा इथल्या जमिनीवरच्या लायडारच्या, म्हणजे आकाशात लेसर सोडून कण मोजणाऱ्या यंत्रांच्या, नोंदी घेऊन. मी विद्यार्थिनी होते, हटून बसले. जे उपग्रहाने पाहिलंच नाही ते उपग्रहाच्या तक्त्यात कसं लिहायचं? सर ओरडले नाहीत. म्हणाले, "तू कोरं ठेव. संगणकावर हवामानाचं मॉडेल चालवणारे तिथे शून्य धरतील. मग इतिहासातला एवढा मोठा थर शून्य?" मला उत्तर सुचलं नाही. त्या रात्री मेसमध्ये जेवण गेलं नाही, आणि सकाळी मी आकडे भरायला बसले.

आज मीच विद्यार्थ्यांना सरांचं वाक्य ऐकवते. पिनाटूबोनंतर पृथ्वी सुमारे अर्धा अंश गार झाली. तो गारवा मॉडेलमध्ये उतरतो का, हे तपासायला असले भरलेले तक्तेच लागतात. तरी तेव्हाची मी अडून बसते : तपासणीतला निम्मा आधार अंदाजाचा असेल, तर तपासलं काय? भरलेल्या रकान्यांना वेगळी खूण असते, हे माझं उत्तर. ती खूण पाहून आकडे घेणारे किती, असं ती विचारते, आणि मी विषय बदलते.


पावसाचं हवामान खात्याला विचारा.