हॉलमधून माळावर

कार्तिक, रात्री उशिरा

रब्बीचं पाणी सुरू झालं की माझ्या दुकानात पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरायला, म्हणजे नवी तार गुंडाळायला, रांग लागते. आजही दिवसभर तांब्याच्या तारेनं बोटं आखडली. तरी जेवण झाल्यावर पुतण्याचं छोटं हेलिकॉप्टर काढलं. टीपॉयवरून उचललं, टीव्हीसमोरून वळवलं, फ्रिजवर नेऊन बसवलं. पूर्वी पुतण्या टाळ्या पिटायचा, आता मोबाइलमधून मानही वर करत नाही. त्याचं काही चुकलं नाही, मलाही कंटाळा आलाय. उडतंय ते यंत्र. मी नुसतं कुठं जायचं ते सांगतोय.

त्याची बांधणीच तशी आहे. एकावर एक दोन पंखे, उलट दिशांनी फिरणारे. एकानं धड जेवढं पिळलं तेवढंच दुसरा उलटं पिळतो, त्यामुळं शेपटीला आडव्या पंख्याची गरजच पडत नाही. वरच्या पंख्याला टोकांना वजन असलेली एक दांडी आहे. यंत्र कलायला लागलं की ती दांडी आपल्या पातळीवर हट्टानं फिरत राहते आणि पंख्याला सरळ करते. मला वाटायचं ही खेळणीवाल्यांची युक्ती असेल. तसं नाही. आर्थर यंग नावाच्या अमेरिकन माणसानं पेनसिल्व्हेनियातल्या एका जुन्या कोठारात विजेवरची छोटी मॉडेलं वर्षानुवर्षं उडवून ती दांडी बसवली. 1941 मध्ये तो बेल कंपनीत गेला, आणि पुढं बेल 47 ला 8 मार्च 1946 रोजी नागरी वापराचं प्रमाणपत्र मिळालं. नागरी हेलिकॉप्टरला मिळालेलं ते पहिलं. म्हणजे मोठं हेलिकॉप्टरसुद्धा आधी छपराखालीच शिकलं. वाचून बरं वाटलं.

पण गच्चीवर नेलं की या गुणी पोराची अब्रू जाते. रिमोट टीव्हीच्या जातीचा, इन्फ्रारेड. उन्हात रिसीव्हरवर सूर्याचंच इन्फ्रारेड एवढं पडतं की माझा इशारा त्यात हरवतो. ऊन उतरल्यावर न्यावं तर वारं. पुढं जायचं म्हणजे शेपटीवरची बारकी मोटार शेपूट जरा उचलते, एवढाच त्याचा जोर. आडवं सरकणं त्याला येतच नाही. वाऱ्यानं ढकललं तर ढकललं तिकडं जायचं. शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवरून ते मी शिडी लावून आणलंय.

मार्गशीर्ष, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी

मोठं हेलिकॉप्टर आलं. मॉडेलवाले ज्याला 450 मापाचं म्हणतात ते, पुण्याच्या एका गृहस्थाचं वापरलेलं. जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडले तर ही म्हणाली, "दुकान कमी पडलं व्हय?"

मधली एक पायरी मी ठरवून टाळली. बाजारात एका पंख्याची छोटी हेलिकॉप्टरं मिळतात, पात्यांचा कोन कायमचा ठरलेला. वर जायचं तर पंखा जोरात फिरवा, खाली यायचं तर हळू. घरात चालतं. बाहेर झुळकेनं यंत्र वर उचललं की खाली आणायला पंख्याचा वेग कमी करावा लागतो, आणि वेग कमी झाला की ताबाही कमी होतो. नेमका जेव्हा हवा तेव्हाच. मोठ्यात पंखा एकाच वेगानं फिरत राहतो आणि फिरता फिरता पात्यांचा कोन बदलतो. हुकूम दिला की लगेच खाली. शिकायला ते अवघड म्हणतात, आणि आहेच. पण वाऱ्यात मला अवघड आणि लगेच ऐकणारं यंत्र बरं वाटतं, सोपं आणि उशिरा ऐकणारं नको.

सगळ्यात आधी ओळखीची निघाली ती मोटार. तीन वायरी. जोडून फिरवली तर उलटी फिरली. कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या, सुलटी झाली. विहिरीतली तीन फेजची पाणबुडी मोटार उलटी फिरली तर हेच करतो आम्ही. फरक एवढाच की इथं बॅटरीच्या सरळ करंटमधून तीन फेज तयार करायला नखाएवढ्या भागांचं एक सर्किट आहे. ही मोटार ओझ्याशिवाय मिनिटाला जवळपास 39 हजार फेरे घेते, गिअरनं ते खाली येतात. हिशेब केला तर वरचा पंखा 2,800 च्या आसपास फिरणार. आमची पाणबुडीसुद्धा साधारण तेवढीच फिरते! आयुष्यभर याच वेगाचा आवाज ऐकत आलोय, फक्त जमिनीखालून.

मग सवयीनं पुढचाही हिशेब केला. पंख्याचा व्यास टोकापासून टोकापर्यंत सुमारे 70 सेंटिमीटर, म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग ताशी 370 किलोमीटरच्या घरात. पाती कार्बन फायबरची. पुतण्याला शेजारी बसवून हा आकडा त्याच्याकडून काढून घेतला. हे खेळणं नाही, हे माझ्या सांगण्यापेक्षा त्याच्या वहीतल्या गुणाकारानं त्याला लवकर पटलं.

उडवायच्या आधीचं काम मात्र दुकानातल्यापेक्षा नाजूक. पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीला, म्हणजे स्वॉशप्लेटला, तीन सर्वो, म्हणजे हुकमानं हलणाऱ्या बारक्या मोटारी, एकमेकांपासून 120 अंशांवर. तिन्हींनी ती सारखीच उचलली पाहिजे. दोन्ही पात्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावायच्या आणि फिरताना लांबून, बाजूनं बघायचं. दोन रंग दोन उंचीवर दिसले तर एका पात्याची जोडकाडी (लिंक) अर्धा आटा फिरवायची. यात रात्री गेल्या. मजा आली, खोटं कशाला बोलू.

पौष, रविवार

कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरनं बोटं तयार केली, पण सिम्युलेटरमधलं वारं म्हणजे एक सरकपट्टी. खरं वारं घरातल्या वडीलधाऱ्या आण्णांकडून शिकतोय.

गाव अंबाजोगाईपासून जवळ, बालाघाटाच्या माथ्यावर. सरकारच्या ड्रोन नकाशात आमचा भाग हिरव्यात आहे, हे आधी बघून घेतलं; विमानतळाभोवती पिवळा आणि लाल पट्टा असतो. ड्रोन नियम 2021 प्रमाणं 250 ग्रॅम ते 2 किलोचं यंत्र सूक्ष्म वर्गात येतं, आणि धंद्यासाठी नसेल तर पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. हिरव्यातसुद्धा 400 फुटांची मर्यादा आहे. मला छातीएवढी उंची मिळाली तरी पेढे वाटीन, असं चाललंय.

पहाटे मी मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज बघत होतो. आण्णा चुलीपाशी शेकत होते. म्हणाले, "वारं मोबाइलमधी कशाला बघायलास? दिस कासराभर वर आला की हालंल. तवर काय उडवायचं ते उडीव."

आणि अगदी तसंच झालं. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन पडून राहते, वरचं वारं वरच्या वर वाहून जातं. ऊन चढून काळी जमीन तापली की खालची हवा वर उठते आणि वरचं वारं खाली उतरतं. आण्णांना यातलं काही सांगायची गरज नव्हती. त्यांचा जन्म खळ्यावर वावडीवर उभं राहून धान्य उपणण्यात गेला. "आमी वारं सुटायची वाट बघत बसायचो," ते म्हणाले, "अन् तू पडायची बघायलास."

जागा त्यांनीच ठरवली. वावरात ज्वारीची जुनी धसकटं. त्यात यंत्राचे टेकायचे पाय (स्किड) अडकले की यंत्र आडवं होणार आणि पाती जमिनीत. तळवट अंथरावा तर पंख्याच्या वाऱ्यानं काठ उचलून वर येईल, दगड ठेवले तरी. म्हणून मुरमाड माळ, आणि त्यावर प्लायवुडचा तुकडा. पोरं बांधापलीकडं, माझ्या पाठीमागं. बॅटरी स्वेटरच्या आत. थंडीत लिथियम पॉलिमर मरगळते.

स्किडला चार आडव्या काड्या, टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू. दिसायला वेडगळ. पण कललं तरी उलटत नाही.

काय लिहू? उचललं आणि पहिल्याच क्षणी कळलं की हे माझ्यासाठी काहीही करणार नाही. जायरो नावाचा भाग शेपूट धरून ठेवतो तेवढंच. बाकी पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं घसरायला ते कायम तयार. लहानपणी ज्वारीचं ताट तळहातावर उभं तोलायचो, तेच हे. हाताकडं बघितलं की ताट पडायचं, शेंड्याकडं बघितलं की राहायचं. इथंही मी स्किडकडं बघत होतो. नजर पंख्याच्या चकतीवर नेली तेव्हा कुठं जमायला लागलं, कारण आधी चकती कलते आणि मग धड सरकतं. धड सरकल्यावर उपाय करणारा कायम उशिराच पोचतो.

आणखी एक, जे हॉलमध्ये कधी कळलं नसतं. जागेवर स्थिर असताना ते सरळ नसतंच. शेपटीचा पंखा धडाला पिळण्यापासून वाचवतो, पण त्याच्याच जोरानं सगळं यंत्र डावीकडं ढकलतो. म्हणून स्थिर राहायला थोडं उजवीकडं कलावं लागतं. मी ते पुन्हा पुन्हा सरळ करायचो, ते पुन्हा पुन्हा डावीकडं जायचं. कलतंय ते कलू दे म्हटल्यावर थांबलं.

आण्णा बांधावर बसून बघत होते. एका कोतवाल पक्ष्यानं दोन झडपा घातल्या तेव्हा तेवढे हसले.

पौष, पुढचा एक रविवार

आज मुद्दाम कासराभर दिवस वर येऊ दिला. वाऱ्याकडं नाक केलं, धरून ठेवलं. झुळूक आली की ते वर चढतं, मी काही न करता! पंख्यावरून ताजी हवा आडवी वाहिली की त्याच ताकदीत उचल जास्त मिळते. गंमत वाटली तोवर झुळूक पडली आणि यंत्र दगडासारखं खाली. चेंडूंनी वाचवलं, एक काडी गेली.

आण्णांनी चिमूटभर माती उडवून दाखवली, मग लांबच्या तुरीकडं बोट केलं. तूर हालली की थोड्या वेळानं इथं येतं. त्यानंतर मी एक डोळा तुरीवर ठेवला. शेंडे लवले की रिमोटच्या वर-खाली नेणाऱ्या काडीवरचा अंगठा तयार. शेंडे थांबले की उलटं. यंत्र हात-दीड हाताच्या आत राहिलं. छोट्या हेलिकॉप्टरनं मला बोटं दिली, हे खरं. वारं मात्र त्यानं माझ्यापासून लपवून ठेवलं होतं.

माघ

काड्या काढल्या. हलकं, चपळ झालं. समोरून हळू, मग गोल. तीसएक मीटरवर काळं यंत्र नुसती सावली दिसतं, नाक कुठलं आणि शेपूट कुठली कळत नाही. चाळिशीतल्या डोळ्यांना तर नाहीच. पुढच्या टोपणाला भडक केशरी रंग मारला. गावात लगेच त्याचा पक्ष कुठला यावर चर्चा.

चुलतभावानं विचारलं, "ह्याच्यानं फवारणी होती का?" हल्ली फवारणीचे ड्रोन येऊन गेल्यापासून प्रत्येकाचा हा पहिला प्रश्न. बॅटरीसकट पाऊण किलोचं यंत्र, पाच-सहा मिनिटं उडणार, काय फवारणार? "मग कशाला?" याचं उत्तर मी देणार होतो, तेवढ्यात आण्णाच म्हणाले, "तू पतंग कशाला उडवायचास?"

आता राहिलं ते नोज-इन. नाक आपल्याकडं असलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि घाबरलेला हात नेमका सवयीकडं पळतो. रात्री सिम्युलेटरवर तेच चाललंय. गहू निघेपर्यंत बसवायला हवं, कारण चैत्रापासून माळावर वावटळी उठतात. शिवाय 42 अंशांना हवा 15 अंशांपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ, तेवढा जादा कोन पात्यांना द्यावा लागणार आणि बॅटरी तेवढी तापणार. उद्या सकाळी भरायच्या मोटारी दारात येऊन पडल्यात. बॅटऱ्या सेलमागं 3.8 व्होल्टवर आणून ठेवतो, शेपटीची जादा पाती मागवतो आणि झोपतो.