चुंबकी अंगठी: ताकद नंतर, आधी दिशा

जादूच्या खेळांसाठी चुंबकी अंगठी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ताकदीचा. एन४५ घेऊ की एन५२? (या निओडिमियम चुंबकाच्या प्रती; आकडा मोठा तितका चुंबक जोरकस.) प्रेक्षकाच्या नाकासमोर करायच्या खेळात या दोन्हींतला फरक जवळजवळ जाणवत नाही. जाणवतं ते अंगठीचं माप, आणि तिचे ध्रुव नेमके कुठे आहेत ते.

आधी माप. निओडिमियमची अंगठी सोनाराकडे नेऊन मोठी-लहान करून घेता येत नाही. आतला माल दाबून-भाजून केलेला, ठिसूळ असतो. ठोकलं की तडा जातो, कापलं की तुकडे पडतात. म्हणून बोटाभोवती दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा ६० मिमी भरला तर आतला व्यास साधारण १९ मिमी. सांध्यावरचं मापही घ्या, कारण अंगठीला तिथूनच जायचं असतं. थंडीत बोटं आक्रसतात आणि उन्हाळ्यात फुगतात, तेव्हा संध्याकाळचं माप बरं. अंगठी अंगठ्याने ढकलली तर फिरावी, नुसता हात हलवल्याने फिरू नये. हे जमलं नाही तर पुढचं सगळं व्यर्थ.

आता ध्रुव. चपट्या दोन कडांवर ध्रुव असलेली अंगठी या कामाला गैरसोयीची. हवी ती व्यासाच्या दिशेने चुंबकित केलेली: एक ध्रुव तळहाताकडे, दुसरा बोटाच्या पाठीकडे. ओळखायचं कसं? दोऱ्याला टाचणी लटकवा आणि अंगठी तिच्याजवळ हळूहळू फिरवा. समोरासमोरच्या दोन जागांवर टाचणी झेप घेते, मधल्या जागांवर रेंगाळते. त्या दोन जागांवर आतल्या बाजूने नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. कानस लावून खूण करण्याचा मोह टाळा, कारण वरचा निकेलचा थर फुटला की आतला माल गंजून पापुद्रे सुटतात. (निकेलची ॲलर्जी असेल तर अशी अंगठी मुळातच नको.)

शिकायला सगळ्यात चांगला खेळ म्हणजे पत्र्याचं बूच गायब करणं. काचेच्या बाटलीचं, २१ दात्यांचं बूच पोलादी असतं. फिरवून उघडायची झाकणं बहुधा ॲल्युमिनियमची किंवा प्लास्टिकची, ती चिकटत नाहीत. अंगठी उजव्या अनामिकेत, ध्रुवाचा ठिपका तळहाताकडे. बूच उजव्या बोटांच्या टोकांवर धरून दाखवा, सपाट बाजू तळहाताकडे असू द्या. डाव्या हातात ठेवल्याचा आव आणताना उजवी बोटं किंचित मिटतात आणि बूच अंगठीला जाऊन बसतं. सपाट बाजू महत्त्वाची, कारण बूच उलटं असेल तर आतलं प्लास्टिकचं अस्तर मध्ये येतं आणि पकड ढिली पडते. या ढिल्या पकडीचा दोष लोक अंगठीला देतात.

खरी गंमत पुढे आहे. नुसत्या हातचलाखीत नाणं लपवलं की अंगठा आखडतो आणि जाणकार प्रेक्षक तेवढंच बघत असतो. इथे बूच आपोआप टिकून राहतं, त्यामुळे हाताची पाठ प्रेक्षकाकडे ठेवून बोटं मोकळी पसरता येतात. मात्र ती ऐटीत फाकवू नका. रिकामा हात कुणी असा मिरवत नाही. नजर डाव्या मुठीवर, उजवा हात सहज खाली.

घात करतो तो आवाज. धातूवर धातू आपटून ‘टक्’ होतं आणि शांत खोलीत ते सगळ्यांना ऐकू येतं. अंगठीच्या त्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन-तीन हात द्या, आणि बूच झेपावू न देता हळूच टेकवा. तरीही त्या क्षणी तोंडाने काही बोलत राहा.

होकायंत्राच्या खेळात अडचण उलटी असते: सुई फार लवकर हलते. हात जवळ येतानाच ती डोलायला लागली की गुपित फुटलं. म्हणून अंगठीचा हात आधी दूर, खाली ठेवा. होकायंत्र दुसऱ्या हाताने प्रेक्षकाच्या तळव्यावर द्या. मग हात वर स्थिर धरून अंगठ्याने फक्त अंगठी फिरवा. हात हलत नाही, सुई फिरते. अंगठी अगदी टेकवू नका, नाहीतर स्वस्तातल्या सुईचे ध्रुव उलटतात आणि ती दक्षिणेला उत्तर म्हणू लागते.

टेबलाखालून वस्तू सरकवण्याची अपेक्षा मात्र आवरा. अंतर वाढलं की ओढ झपाट्याने उतरते. पत्त्यांचा अख्खा कॅट साधारण दीड सेंटिमीटर जाड असतो. त्यातून नाणं ओढलं जात नसेल तर जाड लाकडातून जाणारच नाही. नाणंही आधी घरी तपासा, सगळीच नाणी चुंबकाला दाद देत नाहीत.

काही गोष्टींत तडजोड नाही. पेसमेकर किंवा तसं उपकरण असलेल्या माणसाच्या छातीपासून अंगठी किमान १५ सेंमी दूर. प्रेक्षकाच्या अंगाजवळ जाणारा खेळ असेल तर आधी विचारा. चुंबकी पट्टीची कार्डं लांब ठेवा. खेळात सुटे छोटे चुंबक असतील तर लहान मुलांपासून दूर ठेवा, कारण दोन गिळले गेले तर आतडं त्यांच्यामध्ये चिमटतं. अंगठी उकळत्या पाण्यात टाकू नका; साध्या प्रतीचा चुंबक ८० अंशांच्या वर कायमचा दुबळा होतो.

‘अंगठी बघू’ असं कुणीतरी म्हणणारच. त्यासाठी तशीच दिसणारी साधी अंगठी हवी, आणि ती चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची. ती दुसऱ्या हाताच्या बोटांत दडवलेली असते. बोटातली काढल्याचं दाखवताना साधी पुढे करायची, चुंबकी मागे ठेवायची. साधी अंगठी चिकटणारी निघाली तर ऐन अदलाबदलीत दोघी एकमेकींना मिठी मारतात. चुंबकी अंगठी ज्या खिशात जाणार, त्या खिशात किल्ल्या नकोत. बाहेर काढताना सगळा जुडगा लोंबकळत येतो.