केसपेपरवर अजून 'पोटदुखी'च आहे

त्या खिडकीची काच आठवली की अजून डोकं सणकतं. काचेला खाली एक गोल भोक, तेही बरोबर माझ्या छातीच्या उंचीला. म्हणजे बोलायचं तर वाकायचं, आणि आत पंखा घरघरत असल्यामुळं ओरडायचं. मागं रांगेत वीस-बावीस माणसं. त्यातल्या एका आजोबांनी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवायचीच बाकी ठेवली होती. आतून प्रश्न आला, "काय होतंय?"

मला होत होतं ते असं. लिंगावर आणि खालच्या पिशवीच्या कातडीवर तांबूस, टणक फोड, आठ-दहा. दिवसा कसंबसं निभायचं, पण रात्री अंथरुणावर पाठ टेकली की खाजेनं झोपेचं खोबरं. हे त्या भोकात तोंड घालून कसं ओरडायचं? मी म्हटलं, "पोट दुखतंय."

"मेडिसिन, सात नंबर." शिक्का पडला.

दवाखान्याचं नाव सांगत नाही, कोल्हापुरातलाच आहे. सात नंबरला दोन तास बसलो. आत एक तरुण डॉक्टर मॅडम. त्यांनी पोट दाबून बघितलं. इथं दुखतं? नाही. इथं? नाही. "मग दुखतंय कुठं?" आता काय सांगणार! मान खाली घालून म्हटलं, "मॅडम, पोट नाही, खाली फोड आलेत." त्या हसल्याही नाहीत, चिडल्याही नाहीत. "मग तसं सांगायचं ना," म्हणाल्या आणि पेपरच्या मागं लिहून वरच्या मजल्यावर पाठवलं.

वर दारावर हातभर अक्षरांत पाटी: 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. गुप्त हा शब्द एवढा मोठा मी कुठं बघितला नव्हता. दारातल्या मामांनी पेपर उलटापालटा केला. "ह्यो मेडिसिनचा हाय. खिडकीतनं बदलून आणा."

"अवो मामा, मागं मॅडमनी लिहिलंय की."

"लिवलंय, पर नोंद न्हाई."

धावत खाली आलो तर 12 वाजून गेलेले. भोकाला आतून पुठ्ठा लावलेला, 'नोंदणी बंद'. पुठ्ठ्याच्या कडेनं साहेबांचा डबा दिसत होता, भाकरी आणि झुणका. म्हटलं, फक्त विभाग बदलायचाय. "उद्या नऊला या." शिरोलीच्या फौंड्रीतली अर्धी पाळी बुडवून आलो होतो. तिथंही सुपरवायझरला पोटाचंच सांगितलेलं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी पुन्हा सुट्टी मागताना तो काळजीनं म्हणाला, "भावा, सोनोग्राफी करून घे."

दुसऱ्या दिवशी तीच रांग, तेच भोक, खुर्चीत माणूस वेगळा. "काय होतंय?" मी म्हटलं, "स्किन." त्यानं मान वर न करता शिक्का मारला, जुन्या पेपरवरची 'पोटदुखी' तशीच ठेवून खाली 'स्किन' लिहिलं. संपलं. मागं कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. एका शब्दाचं काम होतं, त्यात माझे दोन दिवस गेले. तेव्हा जाणाऱ्यानं एवढंच म्हणावं, 'स्किन'. जागा कुणी विचारत नाही. तरी माझा राग आहे तो आहेच. 'कुठला विभाग?' एवढं विचारलं तर खिडकीचं काय जातंय?

डॉक्टरांना पाच मिनिटंही लागली नाहीत. गंमत म्हणजे त्यांनी आधी हात मागितले. बोटांच्या बेचक्या, मनगट, मग बेंबीची कड, आणि सगळ्यात शेवटी खाली. भिंगातून बघून म्हणाले, "खरूज आहे. घरात आणखी कुणाला खाज?" तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. पुतण्या महिनाभर पोट खाजवत होता आणि आम्ही डासांना शिव्या देत होतो. तो रोज माझ्याच अंथरुणात झोपतो.

मी मात्र भलत्याच आजाराच्या भीतीनं रात्री-रात्री रंकाळ्यावर फेऱ्या मारत होतो. डॉक्टरांनी एचआयव्ही आणि गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, तपासणीचं विचारलं, मी हो म्हटलं, दोन्ही निगेटिव्ह. खरूज शरीरसंबंधातूनही येते, पण एका अंथरुणात झोपूनही येते. म्हणून लगेच कुणावर संशय घेऊ नका, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

मलमाचं आधीच सांगायला हवं होतं. दवाखान्यात जायच्या आधीचे सहा आठवडे मी असे घालवले: मित्र म्हणाला उष्णता झालीय, म्हणून सब्जा प्यालो आणि तांबडा रस्सा सोडला. कोल्हापुरात राहून! मग मेडिकलमधून खाजेची ट्यूब आणली. तीन औषधं एकत्र, त्यात एक स्टेरॉईड. चार दिवस बरं वाटलं, मग दुप्पट. डॉक्टर त्या ट्यूबवर जाम भडकले. तिथली कातडी आधीच पातळ, स्टेरॉईडनं आणखी पातळ होते, खाज दबते आणि आजार आत वाढत राहतो. अशी ट्यूब चिठ्ठीशिवाय घेऊच नका.

औषध साधं. पर्मेथ्रिन 5 टक्के मलम, रात्री मानेपासून तळपायापर्यंत. बेंबी, नखांच्या खाली, बेचक्या, काही सोडायचं नाही. सकाळी आंघोळ. आठवड्यानं पुन्हा एकदा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. त्या रात्री अंगावरचे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात. गोधडी धुता येईना, तर पिशवीत बांधून आठवडाभर माळ्यावर.

आईला सांगायचं कसं याची मी दोन दिवस उजळणी केली होती. ती म्हणाली, "खरूजच ना? तुझ्या लहानपणी गंधक लावलं होतं की." वहिनींनी ट्यूबा मोजून घेतल्या, विषय संपला.

प्रत्येक फोड म्हणजे खरूज नव्हे, हेही तिथंच कळलं. लिंगाच्या पुढच्या टोकाच्या कडेनं एका ओळीत बारीक मोत्यासारखे दाणे असतील, किंवा कातडीत पिवळट-पांढरे ठिपके असतील, तर तो आजारच नाही. ते ठिपके मलाही आहेत, त्यांचीही मी उगाच धास्ती घेतली होती. वस्तऱ्यानं केस काढल्यावर मुळाशी येणारे फोड वेगळे, ते पिळायचे नाहीत. मधे खळगी असलेले दाणे, फ्लॉवरसारखे चामखीळ, पाण्यानं भरलेले झोंबणारे फोड यांना दाखवायलाच हवं. आणि न दुखणारी जखम असेल तर त्याच दिवशी जावं. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, गरमीची पहिली जखम तशीच असते.

बऱ्याच सरकारी रुग्णालयांत यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथं समुपदेशक खाजगीत बोलतात. 1097 ही मोफत हेल्पलाईनही आहे. मला दोन्ही नंतर कळलं.

खरजेचे कातडीतले बारीक किडे मेले तरी खाज दोन-चार आठवडे राहते. मी घाबरून तिसऱ्यांदा मलम लावायला निघालो होतो, डॉक्टरांनी थांबवलं. दोन गाठी तर दोन महिन्यांनीही आहेत, पण खाजत नाहीत. परवा त्या दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पेपर हातात घेतला, वरची ओळ वाचली आणि विचारलं, "पोट कसं आहे आता?"